छकडीची विलायती सवत

मित्रांनो, मी एक जुनी छकडी आहे. मला बैलगाडी म्हणाल तर राग येईल. बैलगाडी कापूस वाहते, शेणखत वाहते, वऱ्हाडी वाहते. मी आयुष्यात कधी काही वाहिलं नाही. मी फक्त धावले. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, दोन बैलांच्या मागे जुंपायची, एका माणसाला कसंबसं बूड टेकता येईल एवढीशी हलकी गाडी म्हणजे छकडी. आमच्या यवतमाळकडे पट म्हणजे काय असतो, ते एखाद्या म्हाताऱ्याला विचारून पाहा. सांगता सांगता तो खाटेवरून उठून उभा राहील.

आर्णीच्या देवराव सुताराने मला घडवलं. लाकूड तिवसाचं, चिवट. मला करून घेणारा किसनसिंग त्याच्या ओसरीवर ठाण मांडून बसला होता. चाकाचा प्रत्येक आरा तो हातात घेऊन तोलायचा आणि जरा जड वाटला की परत द्यायचा.

शेवटी देवराव वैतागला. "किसनभाऊ, आता अजून तासलं तं छकडी नाही, दातकोरणं होईन!"

"होऊ दे," किसनसिंग म्हणाला. "पन हवेसारखी पळाली पाह्यजे."

आणि मी पळाले. किसनसिंग माझा धुरकरी, म्हणजे मला हाकणारा. पट सुटायच्या आधी तो माझ्या दांडीवर तळहात टेकवून क्षणभर डोळे मिटायचा. मग जे व्हायचं ते सांगता येत नाही. धूळ, आरोळ्या, बैलांच्या पाठी आणि माझी चाकं जमिनीला लागतात की नाही असा वेग! लाउडस्पीकरवर आमच्या तांड्याचं नाव पुकारलं जायचं. घरी आल्यावर किसनसिंग आधी माझी चाकं पुसायचा, मग स्वतःचे पाय धुवायचा. त्याची बायको लालीबाई दारातून म्हणायची, "इतली माया माह्यावर केली असती तं मी सोन्याची झाली असती." मला तेव्हा तिची गंमत वाटायची.

पुढे कोर्टाची बंदी आली आणि पट थांबले. बैल विकले गेले, शेतात ट्रॅक्टर फिरू लागला. मला गोठ्यात भिंतीला टेकवून उभं केलं. पण माझी एक संध्याकाळ मात्र चुकली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. किसनसिंगकडे बैल कुठे होते? म्हणून ज्या जुवाखाली बैलांचे खांदे असत, त्या माझ्या जुवालाच तो पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी जेवणार काय, कपाळ! पण त्या एका संध्याकाळवर मी वर्ष काढायची.

काही वर्षांनी बंदी उठली. तांड्यातला प्रेमसिंग जवान गोऱ्हे तयार करत होता. तो मला मागायला आला. किसनसिंगचे गुडघे धरले होते, त्याच्याने धुरेवर बसणं होणार नव्हतं. तरी तो म्हणाला, "बाकी काहीबी माग, छकडी नको मागू." मी फुगले. अशी माया कुणाच्या वाट्याला येते, सांगा बरं.

आणि मग ती आली.

किसनसिंगचा मुलगा भारत आर्णीत मोटारसायकली दुरुस्त करतो. एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची शेड पाडत होते, तिथे कापसाच्या जुन्या गाठींमागे त्याला ती सापडली. कुण्या एका मालकाने हौसेने विलायतेहून आणलेली आणि पुढच्यांनी विसरून टाकलेली मोटारगाडी. दोघांपुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही, पुढे बेडकासारखे दोन डोळे, आणि उंची इतकी कमी की आमची कोंबडी सहज आत उडी मारून बसली. दुकानात जागा नव्हती, म्हणून भारतने तिला ट्रॉलीतून गोठ्यात आणली. तिच्यासाठी मला उचलून कुटाराच्या, म्हणजे चाऱ्याच्या भुशाच्या, ढिगाशेजारी ढकललं.

"भंगार कायले आणलं बे घरात?" किसनसिंग म्हणाला.

भारत म्हणाला, "बा, ही रेसची गाडी हाय. इले मी चालती करीन."

किसनसिंगने तिच्याकडे पाठ फिरवली आणि माझं मन थंड झालं. मी कोपऱ्यातून तमाशा पाहू लागले. तिचं इंजिन जाम होतं. भारतने त्यात तेल सोडलं, दिवसेंदिवस मुरू दिलं आणि मग रोज एक केसभर फिरवलं. पेट्रोलच्या टाकीतून गंजाची पोती निघाली. तिच्या चाकांना लोखंडी तारांचे आरे होते. ते एकेक ताणून, चाक फिरवून, पुन्हा ताणून तो चाकाची वाकडी चाल मोडत होता. इतकी उठाठेव त्या म्हातारीची! मी मनात म्हणत होते, कर बाबा, कर, हिच्याने काही होणार नाही.

एके दिवशी त्याने तिच्या दाराचा पत्रा उचकटला. आतून भुसा सांडला. पत्र्याच्या खाली लाकडाचा सांगाडा होता आणि तो वाळवीने खाल्ला होता. भारतने डोक्याला हात लावला आणि देवरावला बोलावणं धाडलं. देवराव आला, वाकला, आणि हसायला लागला. "किसनभाऊ, इकडं ये. पाह्य तं खरं."

किसनसिंग दुखरा गुडघा धरत खाली बसला. त्याने आत हात घातला, लाकडाचे जोड बोटांनी चाचपले, मग तारांचे आरे, मग ती दोघांपुरती बैठक.

"वाह्याले तं इच्यात जागाच नाही," तो म्हणाला. "लाकडाचं आंग, हलकी चाकं. भारत, हे छकडी हाय लेका! विलायतेची छकडी!"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या घरात सवत आली. त्याआधी ती नुसती पाहुणी होती.

त्या दिवसापासून किसनसिंग गोठ्यातून हलेना. झरी जामणीकडच्या एका मोडलेल्या घराची मुरलेली सागवानी तुळई मिळाली, तिचे तुकडे देवराव तासायचा आणि किसनसिंग ते हातात घेऊन तोलायचा. माझ्यासाठी तोलले होते तसेच! तिच्या कातडी बैठकीला तो तेल चोळायचा. नवं दार पहिल्यांदा बसलं तेव्हा त्याने ते दहादा उघडून लावलं, नुसता आवाज ऐकायला. मी जळून कोळसा झाले. लालीबाई कुटार न्यायला आली, माझ्याजवळ थांबली आणि टोपली कमरेवर घेत म्हणाली, "आता समजलं का तुले, मले कसं वाटे ते?" माझ्याकडे तोंड नव्हतं म्हणून बरं.

पोळा जवळ आला. मी म्हटलं, काय करशील ते कर बाई, ती संध्याकाळ तर माझीच आहे. गाडीला तेव्हा रंगाच्या आधीचा राखाडी हात देऊन झाला होता. पोळ्यानंतर भारत तिला गडद हिरवा रंग देणार होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी किसनसिंग वाटीत तूप-हळद आणि हातात पळसाचं पान घेऊन गोठ्यात आला. मी माझं जू जणू पुढे केलं.

तो माझ्यावरून पुढे गेला. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवर जे गोल मडगार्ड आहेत, ते त्याला खांदे वाटले असावेत. त्याने त्यांच्यावर तूप-हळद चोळली, अगदी मनापासून चोळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शब्दही तेच. माझ्याकडे येईपर्यंत वाटी रिकामी झाली होती. त्याने पानाला चिकटलेलं तेवढं माझ्या जुवाला पुसलं आणि गेला. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सण झाल्यावर त्याने मडगार्ड धोतराच्या सोग्याने पुसून चकचकीत केले. हळद गेली, पण तूप गेलं नाही. भारत दुकानातून आला, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलं आणि मशीनने हिरवा रंग फवारला. सगळ्या अंगावर रंग बसला, खांद्यांवर मात्र बसेना. जिथे जिथे तूप होतं तिथून रंग मागे सरकला आणि देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले.

"कोनं काय लावलं याले?" भारत ओरडला.

किसनसिंगने खाली पाहत सांगितलं. भारतचा चेहरा लाल झाला. "बा, किती महिन्यांची मेहनत होती! आता पत्र्यापासून घासा लागते. तू हात नको लावू आता गाडीले. बिलकूल नको लावू."

खरं सांगू? मला आनंद झाला. इतका झाला की माझं चाक फिरतं असतं तर मी फुगडी घातली असती. किसनसिंग गोठ्याबाहेर गेला आणि पुढचे काही दिवस ओसरीवर हात मांडीवर टाकून बसून राहिला. लालीबाईने भाकरी पुढे ठेवली तर नुसती मोडून ठेवायचा. भारत रोज येऊन एकटाच रंग घासत होता.

मग एका सकाळी किसनसिंग माझ्याकडे आला. त्याच्या हातात वाटी नव्हती, पाना आणि हातोडी होती. उघडल्याशिवाय काही कळत नाही, हे त्याला गाडीने शिकवलं होतं. त्याने मला आडवं पाडलं आणि माझं जू सोडवून उलटं केलं.

वरून पिवळंधमक दिसणारं माझं जू खालून उंदरांनी कुरतडून पोकळ केलं होतं. दर वर्षीचं तूप त्यांना किती गोड लागलं असेल! चाकाच्या आसावर गंज चढला होता. दोन आऱ्यांना चिरा होत्या. प्रेमसिंगने नेलं असतं तर पहिल्याच धावेत माझे तुकडे झाले असते, आणि मी मेली फुगून बसले होते.

किसनसिंग जू मांडीवर घेऊन बसला. "दरसाल तूप लावलं," तो म्हणाला, "अन् एकडावबी उलटून नाही पाह्यलं."

भारत घासता घासता थांबला. हातातला पॉलिश पेपर खाली ठेवून तो आला, त्याने जुवाच्या पोकळीत बोट घातलं. "बा, आसाचा गंज मी काढून देतो," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "अन् तूही तिकडं ये. डावा मडगार्ड घासाचा हाय."

त्या दिवसांत आम्ही दोघी शेजारीशेजारी उघड्या पडलो होतो. मला ठोकलं, तासलं, रॉकेलने धुतलं. देवरावने नवं जू केलं. दुखलं, पण मला तेव्हा कळलं की मी इतके दिवस तिच्या तुपावर जळत होते, आणि जळायला हवं होतं तिच्या त्या रोजच्या खटपटीवर. माझी पूजा झाली होती, देखभाल झाली नव्हती.

मी उभी राहिले तेव्हा किसनसिंगने प्रेमसिंगला निरोप धाडला. "गोऱ्हे घेऊन ये. छकडी ने."

हिवाळ्यात सोयाबीन निघालेल्या रानात पट भरला. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, लालीबाई माझ्या बाजूला पोत्यावर बसलेली. आणि पुढे ती! हिरवीगार, भारत हाकतोय, शेजारी किसनसिंग पागोटं धरून बसलेला. मैदानात शिरल्याबरोबर सगळी गर्दी तिच्याकडे धावली. कोणी तिच्या डोळ्यांवर हात फिरवतंय, कोणी फोटो काढतंय. माझ्याकडे एका कुत्र्याने पाहिलं. पुन्हा जळले मी, लपवत नाही.

मग माझी पाळी आली. प्रेमसिंग धुरेवर बसला. आता तुतारी, म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी, टोचायची नाही असा नियम आहे, फक्त आवाजावर बैल पळवायचे. त्याने हाळी दिली आणि गोऱ्हे सुटले. मित्रांनो, सगळं परत आलं! धूळ, आरोळ्या, आणि जमीन सुटल्यासारखी माझी चाकं. दोरीच्या बाजूने एक म्हातारा लंगडत, पागोटं हातात घेऊन पळत होता आणि ओरडत होता, "माही छकडी! माही छकडी!" त्याच्या मागे भारत, त्याच्या मागे सगळं मैदान.

आमचा नंबर आला की नाही, हे कृपा करून विचारू नका. थांबल्यावर मी मागे वळून पाहिलं ते तिच्याकडे. रिकाम्या रानात ती एकटी उभी होती. घाईत कोणीतरी दार उघडंच टाकून पळालं होतं. माझ्या धावेची सगळी धूळ तिच्या नव्या रंगावर बसत होती, आणि तिच्याजवळ एक माणूस नव्हता.

मित्रांनो, तुम्ही त्या मैदानात असाल तर आधी तिच्याकडे जा. ते दार लावा, आणि तिची धूळ पुसा. ओल्या फडक्याने नाही, मऊ कोरड्या फडक्याने पुसा. माझ्याकडे नंतर आलात तरी चालेल.