मधल्या खोलीतला बहार

पहाटे साडेपाचला मधल्या खोलीच्या दाराखालून पांढऱ्या उजेडाची बोटभर पट्टी बाहेर यायची आणि तिच्यामागून ट्यूबच्या चोकची बारीक गुणगुण. पांढुर्ण्यात सूर्य ऋतूप्रमाणे मागेपुढे उगवतो; ताईचा सूर्य सहा वर्षांत एकदाही उशिरा उगवला नाही. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेसात, चौदा तास. चार ट्यूबलाइट, पानांपासून बरोबर नऊ इंचांवर, साखळ्यांनी टांगलेल्या. त्या उजेडात ताईच्या चेहऱ्यावर सावली नसायची, आणि सावली नसलेल्या चेहऱ्यावरून माणसाच्या मनात काय चाललं आहे ते ओळखता येत नाही.

ताई माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. सौसरच्या शाळेत मराठी शिकवायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दोन ट्रंका आणि नागपूरच्या प्रदर्शनातून घेतलेली तीन ऑर्किडची रोपं घेऊन ती आमच्याकडे राहायला आली. मधल्या खोलीची एकुलती एक खिडकी शेजाऱ्यांच्या नव्या भिंतीनं बंद झाली होती. खोली अंधारी, म्हणून रिकामी. रिकामी, म्हणून ताईची. तिनं कुरकुर केली नाही. चौथ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून ट्यूब लावून घेतल्या आणि त्या खोलीत दिवस सुरू झाला.

तीन रोपांची अकरा झाली. त्यांना माती नव्हती. कुंडीत कोळशाचे तुकडे आणि नारळाची साल, आणि चंदेरी मुळं कुंडीच्या काठावरून हवेत लोंबणारी. हवा ओली राहावी म्हणून ताई भिंतींवर ओली पोती टांगायची. सकाळी एकेका पानाखाली डावा तळवा धरून उजव्या हातानं मलमलचं ओलं फडकं फिरवायची, इतक्या हळुवारपणे की पाहणाऱ्याला वाटावं, तापानं फणफणलेलं मूल आहे. मी मात्र तो हात ओळखत होतो. शाळेत चुकलेल्या मुलीची हनुवटी ती अशीच तळव्यात धरायची आणि मुलगी रडेपर्यंत सोडायची नाही. मी इटारसीला वसतिगृहात असताना तिला लिहिलेली पत्रं लाल शाईच्या खुणांनी भरून मला परत यायची. खाली उत्तर नसे, फक्त चुकांचा आकडा असे.

घरातही तिची लाल शाई वाळली नव्हती. माझ्या बायकोनं, मंदानं, ताट वाढलं की ती भाकर उचलून उजेडाकडे धरायची. "मंदा, नकाशा सुंदर काढला. यात आपलं गाव रामाकोना कुठी हाय, तेवढं दाखव."

मंदाही मागे राहायची नाही. "ताई, तुमच्या आयसीयूतले पेशंट कसे हायत? सहा वर्षं झाली, एकालाही सुट्टी नाही भेटली काय?"

कारण सहा वर्षांत एकही फूल आलं नव्हतं. पानं जाड, हिरवी, तुकतुकीत, फुलं शून्य.

मागच्या दसऱ्याला मुलाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. घरात खोल्या तीन. नव्या जोडप्याला मधली खोली लागणार होती आणि ताईला मागच्या पत्र्याच्या खोलीत जावं लागणार होतं, जिथे उन्हाळ्यात माणूसही दुपारी टिकत नाही, तिथे ऑर्किड कुठून टिकणार. हे मला सरळ सांगता आलं असतं. मी सरळ माणूस आहे असं लोक म्हणतात. पण मी तिला अट घातली. येत्या होळीपर्यंत फूल आलं तर खोली तुझी, नाही तर आमची. अकरा झाडं, सहा वर्षं, शून्य फुलं. उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच मी अट घातली.

"लिहून देशीन काय?" ताईनं विचारलं.

"मी शब्द देऊन राहिलो ना."

"तुया शब्दापेक्षा तुई सही बरी, दिनू."

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं: होळी पेटेपर्यंत एक तरी फूल आले तर मधली खोली ताईची. सही केली. तिनं वाचलं, ट्रंकेतून लाल पेन काढलं आणि 'आले' या शब्दावर काट मारली. "आले म्हणजे काय? बाजारातून आले? नीट लिहीत जाय." वर तिनं तिच्या गोल, देखण्या अक्षरात लिहिलं, 'उमलले'.

मग मंदासमोर मी आणखी एक वाक्य बोललो. "बाबा संत्र्याले काय करत होते? पाणी तोडत होते. तू याईले पाजून पाजून माजवून ठेवलं."

आमच्या रामाकोन्याच्या बागेत बहाराच्या आधी बाबा झाडांना ताण द्यायचे. चाळीस दिवस पाणी बंद. पानं मलूल होत, कडा वळत, झाडाला वाटे आता आपलं संपलं, आणि मग पाण्याची पहिली पाळी दिली की ते मरणाच्या भीतीनं पांढरंशुभ्र फुलून येई. मी टोमणा मारला होता. ताईनं तो उपाय म्हणून घेतला. संत्रेवाल्याच्या मुलीला त्यात वेडेपणा दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसला नाही.

दिवाळी झाल्यावर तिनं पाणी तोडलं. ताण पक्का बसावा म्हणून ओली पोती उतरवली आणि कोरडी हवा यावी म्हणून खोलीचं दार रात्रभर उघडं ठेवू लागली. डिसेंबरची थंडी आत शिरायची. ती शाल गुंडाळून खुर्चीवर बसायची, हात मांडीवर पालथे. फडकं दोरीवर वाळून कडक झालेलं. पानांवर सुरकुत्या पडल्या, मग ती खालून पिवळी झाली. तिच्याही हाताची कातडी त्या महिन्यांत तशीच सैल दिसू लागली, की मीच नीट पाहू लागलो होतो, कोण जाणे. चाळिसाव्या दिवशी तिनं पाणी दिलं. दहा झाडांच्या मुळांनी ते घेतलंच नाही. ती आठवडाभरात कुजली. अकराव्याच्या पानाच्या बगलेतून एक हिरवा दांडा वर सरकत होता.

होळीच्या सकाळी त्या दांड्यावर पाच कळ्या होत्या. सगळ्यांत खालची सुपारीएवढी फुगलेली, तिच्या शिवणीवर जांभळट रेघ. ताई दिवसभर तिच्यासमोरून हलली नाही. तिनं कळीला हात लावला नाही, फुंकर घातली नाही. फक्त पाहत राहिली, परीक्षेच्या वर्गात शेवटची घंटा होईपर्यंत मुलीकडे पाहायची तशी. संध्याकाळी चौकात होळी पेटली, पोरांची बोंब ऐकू आली, आणि मी कॅलेंडरचा कागद घेऊन आत गेलो.

आमच्याकडे संत्र्याला कळी दिसली की बागवान म्हणतो, फूल आलं. माझा शब्द राहिला असता तर ताई जिंकली असती. कागदावर तिचा शब्द होता.

दारातून मंदा म्हणाली, "जाऊ द्या ना हो. दोन दिवसांनं काय बिघडते?"

"लिहिलं ते लिहिलं," मी म्हणालो.

ताईनं कागद घेतला, उजेडाखाली धरून वाचला. "उमललं नाई," ती म्हणाली. "दिनू बरोबर बोलून राहिला." आणि साडेसातला वीस मिनिटं असताना तिनं चारही ट्यूब स्वतःच्या हातानं बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी ती सौसरला जुन्या सहकारी बाईंकडे गेली. ट्रंका नेल्या, झाड नेलं नाही. तिसऱ्या दिवशी कळी उमलली. मी फोन केला.

"ताई, फूल उमललं."

"पाकळ्या किती?"

"थांब, पाहून सांगतो."

"सावकाश मोज," ती म्हणाली, "चुकशीन." आणि फोन ठेवला.

पुढे नागपूरच्या एका रोपवाटिकेत मी विचारलं. माणूस हसला. ताणाचा काही संबंध नाही म्हणाला. उघड्या दारातून रात्रीची थंडी आली म्हणून दांडा निघाला. तहानेनं फक्त दहा झाडं मारली. हे मी ताईला कळवलेलं नाही. तिला माझी एक चूक कमी दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू आहे; दया नाही.

फुलं एकाहत्तर दिवस टिकली. वैशाखात सून आली, तिला ती प्लॅस्टिकची वाटली, आणि ती रोज कोरड्या फडक्यानं त्यांच्यावरची धूळ झटकू लागली. मी तिला थांबवलं नाही. लग्नाला ताई आली नाही, त्यानंतरही आली नाही. माणूस घरातून जातं तो दिवस कॅलेंडरवर सापडतो. ते आठवेनासं होतं त्या दिवसाला तारीख नसते, आणि मी त्या बिनतारखेच्या दिवसाची वाट पाहतो आहे.