स्मिताताईंच्या हरवलेल्या ओळी

वाशीच्या एका छापखान्यातून स्मिताताईंचं पहिलं पत्र आलं, ते गीतांजलीने उभ्याउभ्याच वाचलं आणि हसून बाजूला ठेवलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या हसण्याची.

साल सत्त्याण्णव. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या माडीवर त्यांची सात जणांची कंपनी होती. मराठी मजकूर जुळवायचं सॉफ्टवेअर ते बनवायचे आणि लहानमोठे छापखाने ते घ्यायचे. त्यातली बटणांची पट्टी, म्हणजे टूलबार, ही गीतांजलीची कामगिरी. माउसने धरून ओढली की ती वरच्या कडेपासून सुटायची आणि पडद्यावर हवी तिथे ठेवता यायची. मालक आशुतोष सर नव्या गिऱ्हाइकाला आधी तेच करून दाखवायचे.

पत्रात लिहिलं होतं, 'टाइप केलेल्या ओळी मधूनच नाहीशा होतात. मी बावीस वर्षं टाइपिंग करते. कृपया पाहावे.'

गीतांजलीने दोन पानं टाइप करून पाहिली. सगळं जागच्या जागी.

"सर, यूजर मिस्टेक आहे," ती म्हणाली. "टाइपरायटरवरून आलेल्या बायका. भलतीच कळ दाबत असतील."

तसं उत्तर गेलं. पावसाळ्यात दुसरं पत्र आलं. कात्रीचं बटण वापरल्यावर हे जास्त होतं असं वाटतं, एवढं त्यात नवीन होतं. गीतांजलीने कात्रीने एक-दोन ओळी कापूनही पाहिल्या. काही झालं नाही. पुन्हा तेच उत्तर गेलं, फक्त तारीख बदलून.

दिवाळीनंतर तिसरं पत्र आलं. 'तुम्हाला विनाकारण त्रास दिला. चूक माझीच आहे. माझ्या आईचंही पन्नाशीच्या आत असंच सुरू झालं होतं, शेवटी तिला आम्ही कोणी ओळखू येत नव्हतो. माझ्याकडून प्रश्नपत्रिकेतला चौथा प्रश्न गळला आणि ती तशीच छापून शाळेत गेली. मी काम सोडले आहे. राग नसावा.'

त्या दुपारी गीतांजलीचा डबा तसाच राहिला. तिने छापखान्यात फोन लावला. स्मिताताईंच्या जागी आलेला ऑपरेटर फोनवर आला. ताई कात्रीचं बटण कसं वापरायच्या, असं तिने विचारलं.

"ती बटणांची पट्टी ना? ताईंनी खाली ओढून ठेवलेली. डावीकडे कागद लावायच्या, त्याच्याजवळ. नजर लय फिरवायला नको म्हणून. मी आल्याआल्या परत वर चिकटवली. मला तर काय प्रॉब्लेम नाय आला. शेट पण तेच बोलले, बाईंचंच डोकं चालत नव्हतं."

गीतांजलीने फोन ठेवला. पट्टी ओढून खाली घेतली, कात्रीचं बटण दाबलं, शेजारी एक कागद ठेवला आणि फक्त त्या कागदाकडे बघत एक ओळ टाइप केली. मग मान वर केली. तिने टाइप केलेलं एक अक्षरही पडद्यावर नव्हतं, आणि आधीच्या सात ओळी गेल्या होत्या.

कळ दाबली की ते अक्षर पडद्यावरच्या कुठल्या खिडकीला जायचं, याला सॉफ्टवेअरवाले फोकस म्हणत. पट्टी वर चिकटलेली असली की बटणाचं काम झाल्यावर फोकस मजकुराकडे परत जायचा. सुटी केली की ती पट्टीच एक खिडकी व्हायची आणि फोकस स्वतःकडे धरून बसायची. मग अक्षरं कुठेच उमटायची नाहीत, आणि स्पेसबार दाबला की शेवटचं बटण पुन्हा दाबलं जायचं. कात्रीचं. दर शब्दामागे एक ओळ कापली जायची. पडद्याकडे बघत टाइप करणाऱ्याला ते लगेच दिसलं असतं. स्मिताताई बघत नव्हत्या, कारण इतक्या वर्षांत त्यांना बघायची गरजच उरली नव्हती.

दुरुस्ती सहा ओळींची निघाली. चारच्या चहाआधी झालीसुद्धा.

"ग्रेट," आशुतोष सर म्हणाले. "नव्या आवृत्तीच्या कागदात 'किरकोळ सुधारणा' असं लिही."

"सर, त्या बाईंचं काम गेलंय. चूक आपली होती असं त्यांच्या मालकांना लिहून देऊ या ना."

"लेखी? मग बाकीचे छापखाने आपल्याला सोडतील का? उगाच टेन्शन वाढवू नकोस, गीतांजली."

तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने छापखान्याच्या मालकांना लिहिलं. त्याचं उत्तर कधी आलं नाही. रविवारी ती तिसऱ्या पत्रावरचा पत्ता घेऊन कळंबोलीला गेली.

दार स्मिताताईंच्या यजमानांनी, नंदकिशोररावांनी उघडलं. ताई पलंगाच्या कडेला मटार सोलत बसल्या होत्या. जेमतेम पंचेचाळिशीच्या.

"चहा मीच टाकतो," नंदकिशोरराव हळू आवाजात म्हणाले. "गॅसपाशी तिला एकटीला जाऊ देत नाही आम्ही."

गीतांजलीने सगळं सांगितलं, अगदी पहिलं पत्र वाचून आपण हसलो होतो हेसुद्धा. नंदकिशोरराव चहाचं भांडं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. ताई मात्र मटार सोलत राहिल्या.

"तुम्ही चांगल्या आहात हो," त्या म्हणाल्या. "पण दूध उतू गेलं ते? किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं ते?"

"ताई, ते सगळ्यांचंच होतं."

"तसं आईलाही आम्ही म्हणायचो."

पुढच्या शनिवारी नंदकिशोरराव त्यांना महाप्याला घेऊन आले. गीतांजलीने नवी आवृत्ती लावली, पट्टी मुद्दाम खाली ओढून ठेवली, कात्री दाबली आणि एक हस्तलिखित पान समोर दिलं. ताईंनी पदर खोचला. दोन क्षण बोटं कळांवर नुसती टेकली, आणि मग सुटली. असं टाइपिंग गीतांजलीने आयुष्यात पाहिलं नव्हतं. खोलीतले बाकीचे हात थांबले. पान संपलं, तेव्हा ताईंनी डोळे मिटून घेतले.

"आहे का सगळं?"

"आहे, ताई. एक अक्षरही गेलं नाही."

ताईंनी बोट ठेवून ओळीला ओळ लावून पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून. मग तिसऱ्यांदा.

"मी बघत नव्हते तेव्हा तुम्ही भरलं असेल," त्या अखेर म्हणाल्या. आवाजात संशय नव्हता, नुसती समजूत होती, आपल्याला जपणाऱ्या माणसांची सवय झालेल्या माणसाची.

नंदकिशोरराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी ताईंच्या पायाशी चपला सरळ करून ठेवल्या आणि म्हणाले, "चल, बस मिळेल."

ताई परत कामाला लागल्या नाहीत. गीतांजली अधूनमधून फोन करायची. तब्येत बरी आहे, डॉक्टरांना काही सापडलं नाही, असं नंदकिशोरराव दर वेळी सांगायचे. ताई फोनवर येत नसत.

संक्रांतीला एक पाकीट आलं. आत तिळगूळ आणि चिठ्ठी. सुखी राहा, मनाला लावून घेऊ नका, असं साधंच लिहिणं. पण प्रत्येक ओळीच्या आधी समासात बारीक आकडा घातला होता, आणि सहीखाली लिहिलं होतं: 'एकूण ओळी अकरा. मोजून पाहाव्यात, ही विनंती.'

गीतांजलीने मोजल्या. अकराच होत्या.