सिग्नेचं कार्ड

सकाळीच तूवेनं ऑफिसला कळवून टाकलं होतं, आज वाब. पोर आजारी म्हणून आई घरी. या एवढ्याशा शब्दापुढे स्वीडनमधल्या नॉरशॉपिंग शहरात कुणी काही विचारत नाही. तिचा वरिष्ठ हाम्पुस यानंही विचारलं नाही. सिग्नेला लवकर बरं वाटू दे म्हणाला, आणि मग लोण्यातून सुरी फिरावी तसा हळूच म्हणाला, बोर्डावर तुझी कार्डं तेवढी लाल दिसतायत, जमलं तर बघ.

बोर्ड म्हणजे पडद्यावरचे तीन रकाने. करायचंय, चालू आहे, झालं. एकेक काम म्हणजे एकेक कार्ड, मुदत टळली की लाल होणारं, ते बोटानं ओढून उजवीकडे न्यायचं. शेवटच्या रकान्यात पडलं की टिंग वाजतं आणि वरून रंगीत कागद उधळतात. पूर्वी तूवेला त्या टिंगची गोडी होती. आता टिंग ऐकून लाळ गळायची तेवढी बाकी होती, नि त्या विचारानंच तिला ओकारी यायची.

वाबात काम कालवून इथल्याच लोकांनी एक शब्द काढलाय, वोब. पोर मांडीवर, ऑफिस समोर. हाम्पुसनं त्याची खास खूण केली होती, हसरा थर्मामीटर. तूवेनं तो आपल्या नावापुढे लावला. थर्मामीटर हसतो कशाला, हे तिला कळेना.

त्या नादात तिनं एक मूर्खपणा केला. सगळ्यांना कळावं म्हणून नवं कार्डच उघडलं: ‘सिग्ने. उलट्या. पाणी चमच्याचमच्यानं.’ बोर्डानं विचारलं, काम केवढं? लहान, मध्यम, मोठं? रकाना रिकामा सोडता येईना. तिनं ‘लहान’ दाबलं. कुणीतरी लगेच त्यावर पसंतीचा अंगठा टाकला.

सिग्ने मांडीवर, तापानं गरम, केसांना आंबूस वास. आईचं बोट काचेवरून उजवीकडे सरकतं, ते ती मलूल डोळ्यांनी बघत होती. टिंग झालं की आईचा चेहरा सैलावतो, हेही बघत असावी. इथं आजाऱ्याला देतात तसं थोडं ब्लूबेरीचं सूप दिलं होतं, ते पोटात राहील असं वाटलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर पिवळी पट्टी आली. ‘सिग्ने हे काम बराच वेळ अडकलं आहे. त्याचे छोटे तुकडे करायचे का?’

तूवेनं ‘नाही’ दाबायला बोट उचललं. पण त्याआधीच सिग्ने ओकली. जांभळं, आंबट, गुठळ्यागुठळ्यांचं सगळं कीबोर्डवर. आणि तूवेचा हात फडक्याकडे गेला, फडकं कीबोर्डकडे. एकेक कळ ती पुसत राहिली. पोरीची हनुवटी गळतेय, हे तिला नंतर दिसलं.

फोन वाजला. हाम्पुस. “अगं, दमानं घे, पोर आधी. फक्त बैठकीआधी मधल्या रकान्यातलं एक कार्ड ओढशील का?”

सिग्नेनं चिकट बोट आईच्या गालावर टेकवलं आणि कानाकडे ओढत नेलं. उजवीकडे.

“मम्मा, मी झाले?”

तूवेला स्वतःचीच किळस आली. फडकं अजून हातात होतं, कळांवरचा जांभळा रस त्यातून मनगटावर ओघळत होता.

“नाही गं चिमणे,” ती म्हणाली. “तू कुठली झालीस? तू अजून चालू आहेस.”

“काय म्हणालीस?” हाम्पुसनं विचारलं.

“तुला नाही. मी वोब नाहीये हाम्पुस. वाब आहे. थर्मामीटर काढून टाक.”

“आणि सिग्नेचं कार्ड? ते मी बंद करू?”

“तिच्या कार्डाला हात लावू नकोस,” तूवे म्हणाली, आणि मग तिला सुचलं ते इतकंच, “ते मी पुसते.”

पण फोन ठेवल्यावर पडद्याकडे ती गेलीच नाही. पुसायचं राहिलेलं सूप आत ठेवूनच तिनं लॅपटॉप मिटला. आत काहीतरी पचकलं. मग कोमट पाणी आणून तिनं आधी हनुवटी धुतली, नंतर गळ्याच्या वळ्या, जिथं आंबट जाऊन बसतं.