सावडीचा ढेकळ्या

"ताई, तुमचा ढेकळ्या माझ्याकडं आलाय. आता तुमचं काही खरं न्हाई," फोनमधून पायल म्हणाली. आणि झालंही तसंच. फोनवरच्या झुंजीत ज्योत्स्नाचा चिलट्या बघता बघता ढेकळ्याखाली सपाट झाला आणि डाव संपला. गटातले बघे हसून हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाठवू लागले. एकाने लिहिलं, 'स्वतःच्याच बैलाने तुडवलं!'

ज्योत्स्ना परतूरच्या धान्याच्या मोंढ्याजवळ एका कृषी सेवा केंद्रात काउंटरवर असते. आठवडाभर बियाण्याच्या पिशव्या आणि फवारणीची औषधं विकायची, अन् रविवारी दुपारी दुकान बंद झालं की फोनवर अक्राळविक्राळ प्राणी झुंजवायचे. पस्तिशीच्या बाईने असला खेळ खेळावा याचं शेजारणींना भारी नवल. "लेकराबाळाचे खेळ खेळून राह्यली," म्हणतात. म्हणोत बापड्या. त्यांच्या मालिकांतल्या सासवा ढेकळ्यापेक्षा भयानक असतात.

खेळ जुना आहे. प्राणी पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. पण ज्योत्स्नाचा गट ज्या नियमाने खेळतो तो खेळ बनवणाऱ्यांचा नाही, तो परतूरच्या एका घरात जन्मला. दोघांनी दोन-दोन प्राणी उतरवायचे. त्यातला एक आपला, आणि दुसरा समोरच्याने त्या डावापुरता आपल्याला दिलेला. तोही त्याच्याकडचा सगळ्यात तगडा असला पाहिजे. ऐकणाऱ्याला हे येडपटपणाचं वाटतं.

नियम काढला तिच्या थोरल्या भावाने, प्रितमने. त्याच्याकडे फोन आधी आला, त्यामुळे त्याचे प्राणी वाढून पहाडासारखे झालेले. ज्योत्स्नाकडे लढण्याजोगा एकटा चिलट्या. ती रोज हरायची, रोज रडायची. एकदा जेवताना तिचं मुसमुसणं ऐकून वडील, तातेराव, वैतागून म्हणाले, "एकच बैल आसला तर मानूस काय करतो? सावड करतो. तुझा एक, त्याचा एक, जोडी झाली. रडायलीस कशाला?"

तातेरावांकडे खरोखरच एक बैल होता आणि शेजारच्या रानातल्या रखमाजींकडे एक. दोघांचं मिळून एक औत व्हायचं आणि दोघांची रानं नांगरून निघायची. प्रितमने घास तसाच हातात ठेवला. ताटावरून उठला तो नियम ठरवूनच. त्या दिवशी ज्योत्स्ना पहिल्यांदा जिंकली, ती प्रितमच्याच ढेकळ्याच्या जोरावर. प्रितम हरला, पण असा नाचला की आईने दोघांना उलथनं दाखवलं. आपण वाढवलेला प्राणी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर कसा लढतो हे बघण्यातच त्याला खरी मजा यायची. हरण्याची त्याला कधी लाज वाटली नाही.

पुढे त्याने तो नियम मोडक्यातोडक्या इंग्रजीत इंटरनेटवर टाकला. कुठले कुठले लोक तो खेळू लागले. त्याला 'परतूर नियम' म्हणू लागले, आणि काही जणांची तर परतूर हा एखादा राक्षस असावा अशी समजूत होती. प्रितम वाळूजला कंपनीत लागला तरी रविवारी बहिणीशी एक डाव चुकवायचा नाही. मग कावीळ झाली, अंगावर काढली, आणि तो गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. घेतलं की आई उठून आत जाते. ढेकळ्या तेवढा ज्योत्स्नाने आपल्या खात्यात आणून ठेवला. भावाचा हात लागलेलं जिवंत असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

आणि आता पायलला तो नियम बदलायचा होता. पायल जालन्याची, इंजिनिअरिंगला असलेली, बोलायला मोकळी पोरगी.

"ताई, राग मानू नका," ती त्या डावानंतर म्हणाली, "पन हे बराबर न्हाई. मेहनत करून वाढवायचं आपन, अन् जितायचं दुसऱ्यानं? कोनता प्राणी द्यायचा ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर पाहिजे. ही स्पर्धा हाय, दानधर्म थोडीच हाय?"

ज्योत्स्नाला सांगायचं होतं की हे दान नाही. देणाऱ्यालाही तेवढंच मिळतं. पण "मला जुनाच नियम बरा वाटतो," एवढंच तिने गटात लिहिलं. यावर कोण मत देणार? संध्याकाळी मतदान झालं आणि जुना नियम सपशेल आपटला. आता कुणीही कुठलाही मरतुकडा प्राणी देऊ शकत होतं. प्रितम पुन्हा एकदा गेला, असं तिला वाटलं, आणि ती उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली.

तातेराव शेजारी येऊन टेकले. तिने सांगितलेलं त्यांना निम्मंच समजलं.

"आमची सावडबी अशीच मोडली, माय," ते म्हणाले. "रखमाजीच्या पोरानं ट्रॅक्टर आनला. आमचं तर कुनी मतबी घेतलं न्हाई." मग म्हणाले, "पन एक सांग. चांगला बैल देऊच न्हाई, असा नियम केला का त्याईनी?"

"तसा न्हाई केला."

"मंग?"

पुढच्या रविवारी पायलचा फोन आला. नव्या नियमाचा पहिला डाव तिला ताईशीच खेळायचा होता. पायलने दिली एक गोगलगाय, दोन फुंकरांत उडून जाईल अशी. ज्योत्स्नाच्या पडद्यावर तिचे सगळे प्राणी ओळीने उभे होते. तिने ढेकळ्यावर बोट ठेवलं.

"ताई, चुकून दाबलं का? मी थांबते, वापस घ्या."

"चुकून न्हाई. ठेव तुझ्याकडं. अन् ऐक, त्याची एक खोड हाय. पहिल्याच फेरीला त्याला मारायला लावू नको, उगाच दमतो. आधी एकदा मार खाऊ दे. मंग बघ."

दुकानात बियाणं देताना पेरणीची खोली सांगावी तशी ती सांगत होती. मग पायल हळू आवाजात म्हणाली, "ताई, असा कसा वाढवला हो याला? इतका तगडा आमच्याकडं कुनाचाच न्हाई."

"मी न्हाई वाढवला. माझ्या भावानं वाढवला. तुम्ही मोडला ना, तो नियमबी त्याचाच व्हता."

"मला ठाव नव्हतं ओ ताई. काय नाव त्याईचं?"

ज्योत्स्नाने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. आई भाकरी थापायची थांबली होती. "प्रितम," ती म्हणाली. घरात ते नाव मोठ्याने उमटलं आणि आई उठून गेली नाही.

तातेरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि ते चटईवरून सरकत लेकीच्या फोनजवळ आले. इतक्या वर्षांत हा खेळ त्यांनी एकदाही बघितला नव्हता.

"दाव बरं मला," ते म्हणाले. "कोनता हाय त्याचा?"