दहाचं जेवण

अर्धा दिवस कामावर जाणं मिलोय्काच्या जिवावर आलं होतं, आणि त्याचं कारण ना दुखरा हात होता ना मालक.

ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. उजवा स्तन काढला, मग इंजेक्शनं, मग किरणं. या सगळ्यात तिला पगाराची चिंता एक दिवसही करावी लागली नाही. आजारपणातला पगार सरकारी विम्यातून येत राहिला, इस्पितळाचं बिल तिनं कधी पाहिलं नाही, आणि शेवटी विम्यानंच तिला गरम झऱ्यांच्या आरोग्यधामात विश्रांतीला धाडलं. एरवी आमच्या या सोचा नदीच्या खोऱ्यात ज्याला त्याला कराच्या नावानं बोटं मोडायची हौस. मिलोय्काही त्यांतलीच. आता मात्र कुणी सरकारला शिव्या घालायला लागलं, की ती मुकाट्यानं तिथून उठून जायची. जिवावरचं दुखणं ज्यानं निभावून नेलं, त्याला नावं कशी ठेवायची?

बरं वाटू लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, की रोज चार तास काम करा, उरलेल्या चार तासांचा पगार विमा देईल, हात हळूहळू मोकळा होईल. मिलोय्काचा कारखाना खाजगी. घरात घालायच्या लोकरी सपाता शिवायच्या, शिवणाऱ्या आठ-नऊ बायका, आणि मालक लेबान, दिसायला आंबट पण माणूस बरा. कायद्यानं तिची जागा राखायची होती आणि त्यानं ती कुरकुर न करता राखली. तेव्हा मालकाशीही तिचं काही भांडण नव्हतं.

दुखणं होतं ते दहाच्या जेवणाचं.

आमच्याकडे सहाला कामाला लागायचं आणि दोनला सुटायचं. मधे अर्धा तास जेवणाचा, हा प्रत्येक कामगाराचा हक्क. मालक जेवणाचे पैसे देतो, बाकी ज्याचं त्यानं बघावं. या बायकांनी फार पूर्वीच ते पैसे एकत्र करून कोपऱ्यात शेगडी मांडली होती. सकाळी आल्या आल्या पातेलं चढवायचं आणि दहाला घंटा झाली की लांब टेबलाभोवती बसायचं. बहुतेकदा योता, म्हणजे आंबवलेला कोबी, राजमा आणि बटाट्याचं दाट सूप. भूकंपात छपराची कौलं घसरली तेव्हाही सगळ्या जेवण आटपूनच बाहेर पडल्या, असं श्टेफ्का सांगते. खरंखोटं तिलाच ठाऊक. पण दहाची वेळ कधी हलली नाही, एवढं खरं. लग्नं ठरली ती त्या टेबलाशी, नवऱ्यांची उणीदुणी निघाली ती तिथंच.

आणि मिलोय्काचे चार तास बरोबर दहाला संपत. घंटा झाली की बाकीच्या वाडगे घेत, ही अंगात कोट चढवी. तिची बस लगेच असे, पुढची थेट दुपारी. गाडी चालवायला हात अजून धजत नव्हता. पहिल्या दिवशी कुणीतरी बरणीत सूप भरून दिलं. ते तिनं घरी सिंकपाशी उभ्यानंच खाल्लं आणि बरणी धुऊन परत केली, पुन्हा देऊ नका म्हणाली.

नवरा झ्द्राव्को रेल्वेत. जन्मभर ती त्याला सरकारचा जावई म्हणून टोचत आली होती. त्याच्या रजा काय, नोकरीला इतकी वर्षं झाली म्हणून बक्षीस काय. आता त्यानंच विषय काढला.

"सोडून दे की. अपंगत्वाची पेन्शन मिळेल, डॉक्टरीणबाई कागद करून देतील. कुणासाठी मरतेस?"

"घरी बसले तरच मरेन," ती म्हणाली. "पण मी तिथे पाहुणी झालेय रे. यायचं, शिवायचं, निघायचं. माझ्या वाटचं त्या शिवतात आणि वर मलाच जपतात. कधीतरी कंटाळतीलच ना."

कंटाळल्याच, असं तिला वाटू लागलं होतं. ती आत आली की चाललेलं बोलणं थांबे. कापणीच्या टेबलावरची श्टेफ्का, जिची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, तीसुद्धा मिठाची गुळणी धरून बसे. बुधवारी तर श्टेफ्का लालबुंद चेहऱ्यानं लेबानच्या खोलीतून बाहेर पडताना दिसली. पाठोपाठ लेबान आला आणि मिलोय्काला म्हणाला, "शुक्रवारी डॉक्टरांकडे जाताय ना? काय ठरतंय ते कळवा मला." मिलोय्का काय समजायचं ते समजली. त्या रात्री तिनं झ्द्राव्कोला सांगून टाकलं, की पेन्शनच घेते.

गुरुवारी सकाळी ती आत शिरली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कोबीचा वास नव्हता. शेगडी थंड, वर पातेलं नाही. आपल्यापायी यांचं जेवणही मोडलं की काय? ती खाली मान घालून मशीनवर बसली आणि शिवत राहिली. आजचा दिवस नीट शिवायचा, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

साडेआठला घंटा झाली.

मशिनं एकेक थांबली. बायका उठल्या, वाडगे काढले. श्टेफ्कानं कापणीच्या टेबलाखालून घोंगडीत गुंडाळलेलं भलंमोठं पातेलं ओढून काढलं आणि झाकण उघडलं. वाफ वर आली, आणि वासही.

"बघत काय बसलीस?" श्टेफ्का म्हणाली. "ऊठ. काल संध्याकाळी घरी रांधलाय, पहाटे गरम केलाय. योता शिळाच चांगला लागतो."

"पण दहाला..."

"दहा संपलं. जेवण तुझ्या चार तासांच्या मधे पडायला हवं, शेवटी नाही. आठवडाभर डोकं फोडतोय आम्ही. निम्म्या म्हणाल्या, एवढ्या सकाळी घशाखाली उतरणार नाही. मीच सगळ्यांत जास्त भांडले, खोटं कशाला बोलू? मला दहाच्या आधी माणूस म्हणू नका. शेवटी मीच गेले लेबानकडे. तो म्हणाला, तिला हे चालेल का ते आधी विचारा. मी म्हटलं, तिला विचारलं तर ती नको म्हणेल. ओळखते मी तिला."

मिलोय्काला ती लेबानची खोली आठवली, लालबुंद चेहरा, तिला पाहून थांबलेलं बोलणं. आपण किती उलटं वाचलं, याची तिला लाज वाटली. ती उठून टेबलापाशी आली.

"अगं, पण साडेआठला जेवून दोनपर्यंत काय करणार तुम्ही?"

"उपाशी राहणार," श्टेफ्का म्हणाली. "बारानंतर माझ्याशी कुणी बोलू नये, एवढंच ठरलंय. बस आता."

मिलोय्का तिच्या जुन्या जागी, खिडकीच्या बाजूला बसली. तिचा निळ्या काठाचा वाडगा कुणीतरी आधीच तिथं मांडला होता. अडीच तास शिवून उजवा हात आखडला होता, म्हणून तिनं डाव्या हातानं खाल्लं, आणि आसवं सुपात पडत राहिली. शेजारच्या मशीनवरची नेव्हेंका आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत राहिली. त्या तक्रारी मिलोय्कानं वर्षभर ऐकल्या नव्हत्या. आता त्या तिला सगळ्याच्या सगळ्या ऐकायच्या होत्या.

विम्यानं तिला जगवलं, कायद्यानं जागा राखली, आणि त्या दोघांचे उपकार ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. पण दहाची घंटा साडेआठला वाजवावी असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते या बायकांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन केलं होतं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी हात वर-खाली करून पाहिला. अजून आखडतो, म्हणाल्या. पेन्शनचे कागद पुढ्यात होते. झ्द्राव्कोनं आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं.

"मग काय करायचं? खरं सांगा. रोजचे चार तास झेपतात का?"

"झेपतात," मिलोय्का म्हणाली. "ते कागद ठेवून द्या. आणि पुढची तपासणी सकाळची नको, दुपारची द्या. साडेआठला आम्ही जेवतो."