कवायतीतलं झाड

माझे सासरे आयुष्यभर शाळेत कवायत शिकवत होते आणि मी लोकांचे दात सरळ करते. आमच्या दोघांच्या तावडीत एखादं झाड सापडलं तर त्याचं काय होणार, हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. आमच्या नाही आलं.

बाबा आमच्याकडे आले ते गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "चालता यायला लागलं की मी निघालो. उगाच कुणाच्या संसारात लुडबुड नको." गुडघा लवकरच ठणठणीत झाला, पण तोवर मला त्यांचा लळा लागला होता. ते सकाळी वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवत, नवऱ्याला बूट पुसायला लावत, आणि मी दवाखान्यातून चिडून आले की कुणावर चिडले ते विचारून घेऊन माझ्याहून जास्त चिडत. असा माणूस कुणाला सोडवतो का? पण 'राहा' म्हणायची सोय नव्हती. ते पडले मानी. सून दया येऊन म्हणतेय असं वाटलं असतं, तर त्याच दिवशी बॅग भरली असती.

अशात ते झाड सापडलं. दवाखान्यामागच्या भिंतीच्या फटीत उगवलं होतं, खोड अंगठ्याएवढं. नळ दुरुस्त करणारा ते तोडायला निघाला तर बाबा मध्ये उभे. त्यांनी ते मुळांसकट सोडवून कुंडीत लावलं आणि वरच्या मजल्यावरच्या कात्रीकाकांना दाखवलं. या काकांना बोन्सायचं वेड, गच्चीभर बुटकी झाडं, म्हणून सगळी गल्ली त्यांना कात्रीकाका म्हणते.

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "आपल्याच डोंगरातलं काहीतरी रानटी आहे. एकाही पुस्तकात सापडायचं नाही. बोन्सायला झाड कसं खानदानी लागतं, मास्तर!"

झालं! बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इथल्याच मातीतलं पोर आहे ते. त्याला तयार करतो आणि मगच घरी जातो."

मी मनातल्या मनात झाडाला म्हटलं, बाळा, तुला अजिबात घाई नाही हं.

पुस्तकात नाही म्हटल्यावर विचारायचं कुणाला? झाडालाच. दुपार झाली की ते पानं मिटून घ्यायचं. आम्हाला वाटे तहानलं बिचारं, की ओता पाणी. खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की साहेब नुसती डुलकी काढतात. तेव्हापासून माती बोटाने चाचपून बघायची आणि वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. मुळं जरा जास्त छाटली की ते रुसून बसायचं. पण शेंडा खुडला की तिथूनच दोन तांबूस कोंब हजर! असं तरारलं की बघत राहावं.

आणि मग आम्ही त्याला आकार द्यायला घेतलं. मला खरं तर ते झाड कधीच तयार व्हायला नको होतं. पण काय सांगू, वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. बाबांनी खोडाला काठी बांधून ते ताठ केलं. मी तारा गुंडाळून फांद्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बसवल्या आणि दर महिन्याला तारा थोड्या आवळत गेले, अगदी पेशंटच्या आवळते तशा. "छाती पुढे!" बाबा रोज झाडाला दटावत. वर्ष सरलं, आणि एका रविवारी त्यांनी झाड पास करून घ्यायला काकांना खाली बोलावलं. बॅग माळ्यावरून काढून ठेवली होती.

काकांनी झाड पाहिलं आणि त्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. "मास्तर, हे झाड आहे की हजेरीला उभं राहिलेलं पोरगं? आणि फांद्यांच्या जागी काय, सुनेने कवळी बसवली?"

"मग कसं हवं होतं?" मी फणकारले.

"ते मला कसं ठाऊक असणार? डोंगरात जा आणि मोठेपणी ते कसं दिसतं ते बघून या."

नवऱ्याने लगेच गाडी काढली. अर्धा डोंगर चढल्यावर एका कड्याच्या तोंडाशी ते झाड दिसलं. तीच पानं, तसेच तांबूस कोंब. खोड आधी दरीकडे झुकलेलं, मग विचार बदलल्यासारखं वर वळलेलं. एक बाजू सताड मोकळी आणि मुळांनी खडक कवटाळलेला. इतकं वाकडं आणि इतकं देखणं झाड मी आजवर पाहिलं नव्हतं.

"माझ्या वर्गात असतं तर रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या मी याला," बाबा म्हणाले आणि खो खो हसले.

घरी येऊन आम्ही तारा काढायला बसलो. त्या सालीत रुतल्या होत्या, म्हणून उलगडायच्या नाहीत, तुकडे करून काढायच्या, असं काकांनी शेजारी बसून बजावलं. आम्ही तसंच केलं. मग काठीही सोडली.

"आता याला पुन्हा वळण लावायचं म्हणजे पाच-सहा वर्षं धरा," काका म्हणाले. "आणि तेव्हाही तयार झालं असं नाही म्हणता येणार. बोन्सायचं काम कधी संपत नसतं."

मला तर नाचावंसं वाटलं. पण बाबांचा चेहरा उतरला. "पाच-सहा वर्षं? छे, छे. मग मी उद्याच निघतो. कुंडी घेऊन जातो बरोबर. पुढचं तिकडे बघेन."

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की काका उठून उभेच राहिले. "झाडाचं नाव काढू नका! ते गेलं खड्ड्यात! मला तुम्ही हवे आहात या घरात. तुमच्याशिवाय मला करमत नाही. राहा ना, बाबा!"

बाबांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"अगं, मग हे आधी का नाही म्हणालीस? वर्षभर रोज सकाळी वाट बघतोय मी, आज तरी कुणी राहा म्हणेल."

"तुम्ही मानी. राग येईल असं वाटलं मला."

"मानी आहे म्हणूनच तर स्वतःहून विचारता येईना," ते म्हणाले. मला रडू फुटलं, आणि माझे हात मातीने भरलेले होते, म्हणून त्यांनीच रुमाल काढून माझे डोळे पुसले.