सहाव्या वर्षी आलेली दाढ

मित्रांनो, बिबवेवाडीतल्या एका दातांच्या दवाखान्यात, टेबलावरच्या बाटलीत काळवंडलेली एक दाढ ठेवली आहे. ती मी. मला म्हातारी समजू नका. जन्मभर चावायला आलेली मी काही वर्षांतच निकामी झाले, आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो लपवून गोड बोलणे मला जमणार नाही.

सुरुचीला सहा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मी तिच्या खालच्या जबड्यात, डावीकडे, दुधाच्या दाढांच्या मागे उगवले. पुढचा एखादा दात हलू लागला की घरभर कौतुक होई. मी मात्र कोणाला न पाडता मुकाट्याने आले, म्हणून मी आल्याचे कोणाला कळलेच नाही. ज्यांना दिसले, त्यांनी मला दुधाचीच मानले. खरे तर मी कायमची होते. माझ्यानंतर माझ्या जागी कोणीच येणार नव्हते.

सुरुचीचे आईवडील, अस्मिता आणि सलिल, दोघेही नोकरी करत. शाळा सुटल्यावर ती आजोबांकडे असे. सलिलचे वडील श्रीनिवासराव निवृत्त मुख्याध्यापक. सगळ्या जगाला शिस्त लावणारे, पण नातीपुढे विरघळणारे. चिक्की खाता खाता ती आडवी होई आणि तशीच झोपून जाई. गूळ माझ्या खाचांत चिकटून राही. सकाळचा ब्रश पुढच्या दातांवरून फिरे आणि माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत शाळेची व्हॅन येई. पुढे मला कीड लागली.

शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टर जिनत यांनी मला पहिल्यांदा ओळखले. त्यांनी अस्मिताला बोलावून सांगितले, की ही कायमची दाढ आहे, खड्डा लहान आहे तोवरच भरून घ्या.

अस्मिताने घरी येऊन हे सांगितले मात्र, आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"पडणाऱ्या भिंतीला रंग देतं का कोणी?" ते म्हणाले.

"बाबा, ही पडणारी नाही. डॉक्टरांनी पाहून सांगितलंय."

"डॉक्टरांनी पाहिलं ते बरं झालं. तुला पाहायला वेळ कुठे असतो?"

अस्मिताने चिक्कीचा डबा उचलून कचऱ्यात रिकामा केला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी नवी चिक्की आणली. सलिलने टीव्हीचा आवाज वाढवला. भांडण माझ्यावरून होते, पण पोरीचे तोंड उघडून मला पाहावे असे कोणालाच वाटले नाही. अस्मिताने दवाखान्यात वेळ घेतली, तर आजोबांनी सुरुचीला परस्पर बागेत नेले. तेव्हा संतापून, आता तुम्हीच बघा तिचे दात, असे सांगून अस्मिताने अंग काढून घेतले. त्यांनी बघितले नाहीत, आणि तिनेही नाहीत.

दिवाळीत चकली खाताना माझी एक बाजू तुटली. कीड पार आतल्या मज्जातंतूपर्यंत पोहोचली होती. सुरुची रडत आईकडे गेली. आजोबांनी लवंगेच्या तेलाचा बोळा लावला, आईने तो काढून फेकला, आणि सणाच्या दिवशी ताटे तशीच वाढलेली राहिली. त्यानंतर सुरुचीने दुखते हे सांगणेच सोडले. ती उजवीकडून चावू लागली, गार पाणी टाळू लागली. मी आत ठणकत होते. कळ येऊनही ही पोर गप्प कशी राहते, म्हणून मी तिच्यावरही चिडत होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा गाल सुजून आला, ताप चढला. मग सगळे धावले. दवाखान्यातही आधी कोणाचे चुकले हाच वाद सुरू झाला. डॉक्टर जिनत यांनी हात धुता धुता म्हटले, "भांडायचं असेल तर आपण बाहेर बसावं. इथे हिला तोंड उघडायचंय."

डॉक्टरांनी सुरुचीला केव्हापासून दुखतंय ते विचारले.

"दिवाळीपासून."

"मग घरी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की ही दोघं भांडतात," सुरुची म्हणाली.

अस्मिताने पदर तोंडाला लावला. आजोबा भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघत राहिले. मी हिरडीखालपर्यंत किडले होते, वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. औषधांनी सूज उतरल्यावर डॉक्टरांनी मला काढले.

"आता हिच्या जागी दुसरी केव्हा येईल?" आजोबांनी हलक्या आवाजात विचारले.

"येणार नाही."

"थोड्या वर्षांनी?"

"कधीच नाही, आजोबा."

सासरा आणि सून एका रिक्षातून गेले, एकमेकांशी न बोलता. हल्ली आजोबा सुरुचीला तपासणीला आणतात, अस्मिता कामावरून परस्पर येते. दोघांच्या मध्ये सुरुची बसते. समेट झाला असे मी सांगणार नाही, मला तो दिसलेला नाही.

मित्रांनो, ब्रश मागच्या दाढांवरूनही फिरवा आणि गोड खाल्ल्यावर चूळ भरा. पण त्याहून मोठी विनवणी वेगळीच आहे. दुखले की सांगा. मोठी माणसे भांडली, तरी सांगा. ती भांडत असली, तर आणखी मोठ्याने सांगा.